सोललेलं संत्रं

प्रिय कावळे,

फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच "का?" विचारतेस आणि माझं सांगायचं राहूनच जातं. दिवसभर का-का करायचीस म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव, तिशी उलटली तरी शोभतंय तुला. आता शेवटपर्यंत गप्प बसून वाच.

बातमी अशी, की तिसरीच्या नव्या विज्ञानाच्या पुस्तकातला 'तरंगणे आणि बुडणे' हा धडा समितीने माझ्या गळ्यात घातला होता. निवृत्त झाले तरी बाईपणा सुटत नाही बघ. आमचे अध्यक्ष म्हणजे जुने हेडमास्तर. त्यांचं म्हणणं, आधी व्याख्या, मग उदाहरणं, मग स्वाध्याय. माझं म्हणणं, आधी बादली. मुलांनी अंदाज सांगावा, वस्तू पाण्यात टाकावी, खुशाल तोंडावर पडावं, म्हणजे व्याख्या ती आपणहून मागतील. दोन बैठका यावरूनच वाजलं. शेवटी ते म्हणाले, पुढच्या वेळी पटवून द्या, नाहीतर जुनाच धडा छापू. जुना म्हणजे तो दोन रकान्यांचा तक्ता. तीस वर्षं मीच तो शिकवला आणि आता मलाच तो नको होता.

मग काय, स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. चमचे, खोडरबर, मेणबत्ती, बटाटा, बाबांच्या चष्म्याची डबी, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. मदतनीस म्हणून बाबा, पण मदतनीस कसला! मी वही घ्यायला वळले तेवढ्यात यांनी बादलीत तरंगणारं संत्रं उचलून सोललंसुद्धा. मी ओरडले, अहो, तो प्रयोग आहे! ते असे दचकले की संत्रं हातातून निसटून परत बादलीत पडलं. आणि थेट तळाशी गेलं.

मी खालीच बसले. बाबांना वाटलं चक्कर आली. मला तुझा तिसरीचा पेपर आठवला होता.

तू माझ्याच वर्गात होतीस. घरी आई, शाळेत बाई, हा आपला नियम. तू तो इतका पाळायचीस की डबा विसरलीस तरी "बाई, माझ्या आईने डबा दिला नाही" म्हणून सांगायला यायचीस. त्या पेपरातल्या तक्त्यात तू संत्रं दोन्ही रकान्यांत लिहिलंस, आणि बुडणाऱ्यांत पुढे बारीक अक्षरात 'सोललं तर'. मी लाल फुली मारली. तू टेबलापाशी येऊन म्हणालीस, मी करून बघितलंय. मी म्हटलं, पुस्तकात तसं नाही, जागेवर जा. खरं सांगू? पुस्तक हे निमित्त. घरच्या पोरीला मार्क वाढवून दिला, असं शिक्षकांच्या खोलीत कुणी म्हणेल याचीच धास्ती होती. पाण्याची बादली दहा पावलांवर होती गं. मी उठले नाही.

असो. बैठकीला मी बादली आणि दोन संत्री घेऊन गेले. अध्यक्षांना अंदाज विचारला. ते म्हणाले, साल काढली म्हणजे वजन कमी झालं, तरंगणारच. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सोडलं संत्रं. ते बुडालं तेव्हा गृहस्थांनी बाह्या वर करून स्वतःच हात घातला आणि म्हणाले, आता नुसती साल टाका बघू. साल तरंगली. मग तिच्यात हवा आहे का, सफरचंदाचं काय, अंड्याचं काय, सगळे एकदम बोलायला लागले. चहा तसाच गार झाला, व्याख्येचं नाव कुणी काढलं नाही. धडा मंजूर! तक्त्याला आता तिसरा रकाना आहे, 'करून बघितल्यावर'. आणि पहिलाच प्रश्न तुझा आहे. मला इतका आनंद झाला की बादली तिथेच विसरून आले.

पण पत्र धड्यासाठी लिहिलं नाही. त्या फुलीच्या दिवशी संध्याकाळी तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलंस, "बाई, मी खेळायला जाऊ?" घरात. पहिल्यांदाच. मी हसण्यावारी नेलं, बाबांनाही गंमत म्हणून सांगितलं. पुढे तुझं का-का चालूच राहिलं, पण स्वतः करून बघितलेलं काही तू मला सांगायला आली नाहीस. मला ते कळत होतं आणि मी कळू दिलं नाही. तुझा तो पेपर बाबांनी कपाटात जपून ठेवला होता, तो सोबत पाठवते आहे. फुली खोडली आहे, नवाचे दहा केले आहेत, शेजारी सही आणि आजची तारीख घातली आहे. तुझं बरोबर होतं, कावळे. ही माफी बाईंची. आईची वेगळी आहे, ती तू घरी आलीस की समोर बसून मागेन.

तुझीच,
बाई