शाळेच्या बांधीची बारी

सौंदड, १९ जुलै २००३

ती. अल्काताईस,

सप्रेम जयभीम. वि. वि. महिनाभर तुझं पत्र नाही म्हणून रागावून होतो. पण आज माझ्याच रागाची गोष्ट सांगायची आहे, तेव्हा तुला माफ.

नववीला शेती व्यवस्थापन शिकवायला मला मानधनावर घेतलं आहे, म्हणून केशोराव मुख्याध्यापकांनी शाळेमागचा बांध घातलेला तुकडा, धानाची एक बांधी, दिली. फळ्यावरचं चिखलात करून दाखवा म्हणाले. मी मोठा तक्ता केला. जमीन, बियाणं, पाणी, खत, माणसं. पऱ्हे टाकल्यापासून बाविसाव्या दिवशी ती रोपं उपटून रोवणी, बाया आठ. पोरांनी सुरेख अक्षरात उतरवून घेतला.

परवा सुमनबाईंकडे गेलो. गावातल्या रोवणीच्या बाया त्यांच्याच शब्दावर चालतात. त्या बकारामच्या बांधीत होत्या. शाळेची बारी आठवड्यानं लागेल म्हणाल्या. मी तक्ता दाखवला. त्यांनी चिखलाचे हात वर करून दाखवले, कागद कशानं धरू म्हणून. बाया हसल्या आणि माझं डोकं फिरलं. तुम्हाला नियोजन कळत नाही म्हणूनच तुमची शेती आहे तिथंच आहे, असं मोठ्यानं बोलून गेलो. सगळ्यांच्या पाठी एकदम सरळ झाल्या. त्यात त्यांची रचनाही होती. ती माझ्याकडं नाही, आईकडं पाहत होती.

काल तक्त्यातला बाविसावा दिवस होता, एकही बाई आली नाही. पऱ्हे जून होऊन राहिले आहेत. शालिकरामकाका आधीच म्हणतात की जो पोरगा दोन वर्षं एका जागी टिकत नाही त्याला मुलगी कशी द्यावी. आता तर त्यांच्या बायकोलाच बोलून बसलो. काय करू, ते लिही.

तुझा,
चंदू

गोंदिया, २३ जुलै २००३

चि. चंदूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. बाळीला ताप होता, म्हणून पत्र राहिलं. आता बरी आहे, घरभर पळते. तुझे भाऊजी म्हणतात, मामाचं पत्र आलं म्हणजे कुठंतरी भांडण झालंच असेल.

काऊन रे, हॉस्टेलच्या वॉर्डननं माफीनामा मागितला म्हणून तू पेटी उचलून कृषी कॉलेज सोडलंस. आता गाव सोडणार आहेस काय? ज्या बाईच्या दारात वरात न्यायची स्वप्नं पाहतोस, तिलाच शेती शिकवायला गेलास. धन्य आहे बाबा तुझी.

शालिकरामकाका सोमवारी आले होते. चहा घेतला, तुझं नाव नाही काढलं. जाताना दारात म्हणाले की बिरसीकडून रचनाला मागणी आली आहे, दिवाळीनंतर पाहायला येतील. हे तुला कळावं म्हणूनच ते माझ्याकडं आले, असं मला वाटते.

माफी माग, पण माझा भाऊ आहेस म्हणून सांगते, नुसती तोंडानं नको. त्या बाया कोणाची बांधी सोडून तुझ्याकडं येणार होत्या, ते आधी विचार. तुझ्या तक्त्यात ते दिसत नाही.

वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई

सौंदड, २ ऑगस्ट २००३

ती. अल्काताईस,

सप्रेम जयभीम. वि. वि. तुझा प्रश्न मी वर्गातच विचारला. पोरं माझ्याकडं पाहतच राहिली. एवढंही सरांना माहीत नाही! टेकचंदची मुलगी रुची उठली आणि खडू घेऊन फळ्यावर एकेक घर लिहीत गेली. बकारामकडं आज सुमनबाई, कारण परवा बकारामची सून सुमनबाईंकडं होती. छोटेलालकडं उद्या धुरपता, कारण छोटेलालचं घर तिच्याकडं दोन दिवस राबलं. सगळा फळा भरला. शेवटी तिनं "शाळा" लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडून खाली बसली. शाळेनं कोणालाच एक दिवस दिलेला नव्हता. तरी त्या बाया आठवड्यानं येणार होत्या, ताई. आपली पोरं शिकतात म्हणून, फुकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनबाईंच्या बांधीवर गेलो. माफीचं वाक्य पाठ केलं होतं, पण ते बाजूला ठेवलं. खाली बसून पऱ्हे उपटायला लागलो. त्यांनी थांबवलं नाही. चार सकाळी शाळेआधी तेच केलं. कंबर गेली. रविवारी नववीची पोरं पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहायला गेली, आपापल्या घरच्याच बांधीत, पण तो दिवस शाळेच्या नावानं धरला.

परवा आठही बाया शाळेत आल्या. पस्तिसावा दिवस. सुमनबाईंनी पोरांना सांगितलं की जून पऱ्ह्याला फुटवे कमी येतात, म्हणून एका जागी चार-पाच रोपं लावा. माझ्या तक्त्यात दोन-तीन होती. मी खोडलं.

रचना माझ्याशी अजून बोलत नाही. पण पेंढी माझ्याच हातून घेते.

तुझा,
चंदू

सौंदड, २३ नोव्हेंबर २००३

ती. अल्काताईस,

सप्रेम जयभीम. वि. वि. धान झाला. बकारामच्या तेवढ्याच बांधीपेक्षा दोन पोती कमी. पोरांनी कारण लिहिलं आहे, "रोवणी तेरा दिवस उशिरा, कारण सरांचं भांडण." केशोरावांनी तो कागद ऑफिसात लावला. पुढच्या नववीलाही दाखवणार म्हणतात. मी काढायला लावला नाही.

दुसरी बातमी. मी वॉर्डनला माफीनामा लिहून पाठवला. चार वेळा फाडला, पाचव्यांदा गेला. जूनमध्ये दुसऱ्या वर्षाला परत घेतो, असं कॉलेजचं उत्तर आलं आहे.

ते पत्र घेऊन काल शालिकरामकाकांकडं गेलो. काकांनी दोनदा वाचलं आणि घडी करून माझ्याकडंच दिलं. बिरसीच्या लोकांना अजून काही कळवलं नाही, एवढंच म्हणाले. मी उठलो. मग सुमनबाई चुलीपासून उठून आल्या आणि म्हणाल्या, "कॉलेजले रोवण्याच्या टायमाले सुट्टी देतेत काय रे? तुयी बारी धरून ठेवू का नोको?"

काका काही बोलतील म्हणून मी थांबलो. काका छताकडं पाहत होते. आत रचनाचं भांडं घासणं थांबलं होतं.

मी म्हणालो, विचारून सांगतो. ताई, आज त्यासाठीच कॉलेजला पत्र लिहायला बसलो होतो, पण आधी तुला लिहिलं. असाच जीव लावून ठेव.

तुझा,
चंदू