भाईची पोच

प्रिय कौस्तुभ,

हाताने लिहिलेलं पत्र बघून आरोंद्याचं नेट बंद पडलं असं समजू नकोस. नेट आहे. वीज जाते, नळ जातो, ग्रामसेवक तर येतच नाही, पण नेट असतं. हाताने लिहिते आहे ते एवढ्यासाठी की मोबाइलवर बोट घासत लिहिलं की माझा तिरकसपणा वाटेत गळून पडतो, आणि मग मागे उरते ती एक रडवी आत्या. ती तुला परवडणार नाही आणि मलाही. बांद्याची झेरॉक्सवाली सारिका या पानांचे फोटो काढून तुला पाठवील. अक्षर लागलं नाही तर तक्रार करू नकोस. तुझं अक्षर ज्या बाईने वळवलं तिचंच हे आहे.

तुझा शेवटचा निरोप शिमग्याच्या तोंडावर आला. बाबा फोनवर बोलतच नाहीत, मी हॅलो हॅलो करतो आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो, हॅम्बुर्गला घर घेतलं ते त्यांना रुचलं नाही हे मला कळलं, आता मीच फोन करणं थांबवतो, असं तू लिहिलंस. आणि खाली एक शेपूट जोडलंस: आत्या, दोन मशिनीसुद्धा बोलायच्या आधी एकमेकींना 'ऐकतेस ना' विचारतात, 'हो' आलं की मगच पुढे जातात, बाबा तेवढंही करत नाहीत. त्यानंतर पाडवा झाला, काजू संपत आले, अंगणात बोंडूंचा आंबूस वास सुटला, तुझा फोन नाही. आपल्या घराण्यात शब्दाला जागण्याची जी खोड आहे ती तुझ्यात नेमकी नको तिथे उतरली.

तू मला ओळखतोस. दर आठवड्याला कुणाची ना कुणाची खोडी काढून मी साप्ताहिकाचा रकाना भरते. कुणी नियमाचं बोट दाखवलं की तो नियम मुळात कुठे लिहिलाय ते शोधायचं, हा माझा धंदाच. म्हटलं, या मशिनींचं बोलणं पहिल्यांदा कुणी ठरवलं आणि नेमकं काय ठरवलं ते बघूया. आणि मग माझ्या भाच्याला त्याच्याच दारात गाठूया.

शोध कसा लागला ते ऐक, म्हणजे हसशील. सारिकाच्या दुकानात बसून मी शुद्ध मराठीत 'जुने प्रोटोकॉल' असं टाकलं. समोर आलं ते राजशिष्टाचार विभागाचं परिपत्रक. मंत्री हेलिकॉप्टरमधून उतरले की पहिला हार कुणी घालायचा, पुष्पगुच्छ कुणी धरायचा आणि कुणी नुसतं मागे उभं राहून हसायचं. मी ते शेवटपर्यंत वाचलं, त्यावर एक रकानाही लिहिला, पण तुझ्या मशिनी काही त्यात सापडल्या नाहीत. मग सावंतवाडीला वाचनालयात गेले. तिथल्या सद्गृहस्थांनी 'संगणक शिका' नावाचं, मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक काढून दिलं आणि वर म्हणाले, "बाय, ह्या वयात कित्याक?" मी म्हटलं, लग्न जमवायला. पुढे त्यांनी काही विचारलं नाही.

अखेर सापडलं ते घरातच. माळ्यावर तुझी इंजिनिअरिंगची पुस्तकं आहेत, वाळवीने अजून ज्यांना तोंड लावलेलं नाही ती. एकाच्या शेवटी संदर्भांची यादी होती आणि तिथे तू पेन्सिलीने खुणा केल्या होत्यास. प्रत्येक खुणेपुढे आर.एफ.सी. आणि एक आकडा. सारिकाने त्यांतला एक आकडा टाकला आणि मशिनींच्या बोलण्याचा एक्क्याऐंशी सालचा मूळ कागद समोर उभा राहिला. टाइपरायटरवर बडवल्यासारखी साधी अक्षरं, ना चित्र, ना जाहिरात, ना पैसे मागणं. सारिका संशयाने म्हणाली, "आत्यानू, ह्यां सगळां फुकट? मगे ह्येंचा पोट कसा चालता?" जगाचा सगळा व्यवहार ज्यांवर चालतो ते नियम कुणीही उघडून वाचावेत असे पडले आहेत, आणि आमच्या ग्रामपंचायतीच्या ठरावाची नक्कल मिळवायला माहितीचा अधिकार लागतो.

त्या तीन अक्षरांचा अर्थ कळला तेव्हा मी खुर्चीत मागे टेकले. टीका-सूचनांची विनंती. नियम हा, आणि नाव विनंती. आपल्याकडे बरोबर उलटं असतं. 'कळकळीची विनंती' अशी पाटी दिसली की समजावं, खाली दंड लिहिलेला आहे. मग ती विनंती कशी जन्मली त्याच्या आठवणी शोधून वाचल्या. सुरुवातीला हे लिहिणारे बरेचसे विद्यार्थी होते. कुणीतरी मोठा माणूस येईल आणि खरे नियम देईल, असं त्यांना वाटत होतं. कुणी आलं नाही. म्हणून बिचाऱ्यांनी भीत भीत, कुणाला राग येऊ नये अशा बेताने, आम्हांला असं वाटतं बुवा, तुम्हांला काय वाटतं, असं लिहून ठेवलं. अशा नम्र लोकांवर विनोद करता येत नाही. माझी फार पंचाईत झाली.

आणि तो पहिला शब्द. तुला हे ठाऊक असणारच, मला नवीन होतं. एका यंत्राने दूरच्या दुसऱ्या यंत्राला 'लॉगिन' एवढाच शब्द पाठवायचा होता. दोन्हीकडची माणसं साध्या टेलिफोनवर एकमेकांना विचारत होती, एल आला का? आला. ओ आला का? आला. तिसरं अक्षर पाठवलं आणि यंत्राने मान टाकली. या नेटवरचा पहिला निरोप म्हणजे दोन अक्षरं. मी वाचता वाचता थांबले. सारिका म्हणाली, "काय झालां?" मी म्हटलं, काही नाही, कचरा गेला डोळ्यात.

कौस्तुभ, आता सरळ लिहिते. तुझ्या घराची बातमी आली त्या संध्याकाळी तुझा बाप, माझा भाई, शेजारच्या बाबलीला बोलावून सांगत होता, माझ्या झिलान थंय घर घेतलां, थंयच्या नदीक पण म्हणे भरती येता, आपल्या खाडीसारखी. एवढा रागावला होता तो. त्यानंतर थोड्याच दिवसांत, दिवाळीचे पोहे खाताना, त्याच्या हातातून वाटी सुटली. तुला मी ताप म्हणून सांगितलं. तो ताप नव्हता, मेंदूतला रक्तस्राव होता. गोव्याच्या इस्पितळात होतो आम्ही. चालतोय आता, उजवा हात थोडा जड आहे, जेवतो, पेपर उघडून बसतो. समजतं सगळं. बोलता येत नाही. म्हणजे शब्द येतो, पण भलताच. चहा हवा असला तर 'होडी' म्हणतो. औषधाला 'आगबोट'. पहिल्यांदा तो स्वतःच हसला, मग हसायचा थांबला.

तुझे बाबा टेलिफोन एक्स्चेंजचे ऑपरेटर. ट्रंककॉलच्या काळात मालवणच्या बायका म्हणे नंबर लागलेला असतानाही पुन्हा विचारायच्या, भाईंचा आवाज ऐकायला. वहिनीने त्याच्याशी लग्न केलं तेही त्या आवाजावरच, तोंड नंतर बघितलं असं ती शेवटपर्यंत म्हणायची. त्या माणसाने तुझा फोन उचलला, तुझं हॅलो ऐकलं, तोंड उघडलं आणि 'होडी' येईल या भयाने तसंच मिटलं. तो श्वास तू ऐकलास. फोन बंद झाल्यावर त्याने माझ्याकडे बघून डावा पंजा असा आडवा धरला की मला दुसरा अर्थ काढताच आला नाही. सांगायचं नाही. दर खेपेला तसाच पंजा. आणि तू फोन बंद केलास तेव्हापासून तो संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसतो, आणि कधीतरी म्हणतो, "कौ". तेवढंच येतं. दोन अक्षरंही नाहीत, एकच. 'स्तुभ' वाटेतच राहतो.

पण त्या पहिल्या निरोपाची गोष्ट तिथे संपत नाही. त्यांनी यंत्र पुन्हा उभं केलं, पुन्हा पाठवलं आणि पूर्ण शब्द पोचला. मी झेरॉक्स घेऊन घरी आले ती त्याच तारेत.

त्या आठवड्यात बोलायचं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. निघण्याआधी बाबली अंगणात नारळ घेऊन हजर. गाऱ्हाणं घातल्याशिवाय भाईक गाडीत बसूक देऊचंय नाय, म्हणाला. इतकी वर्षं गावाची गाऱ्हाणी भाई घालायचा, आता बाबलीला मोकळं रान. त्याने सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आमच्या भाईच्या जिभेक जी काय इडापिडा झाली आसात ती भायर काढ रे म्हाराजा." मी म्हटलं, व्हय म्हाराजा. मग गाडी सुरळीत जावी, डॉक्टरीणबाईच्या हाताला यश यावं. लगेच माकडांनी बाबलीचे नारळ खाऊ नयेत, आणि शेवटी, "माझ्या जावयाची बदली कुडाळाक होवंदे रे म्हाराजा." आता माकडांपर्यंत मी साथ दिली, पण जावयाला मी हसू आवरत गप्प राहिले. गाऱ्हाणं तिथे अडलं. व्हय आल्याशिवाय बाबली पुढे सरकेना. आणि माझ्या मागून, खुर्चीतून, जुन्या एक्स्चेंजच्या आवाजात आलं, "व्हय म्हाराजा."

बाबलीच्या हातातला नारळ तसाच राहिला. मग म्हणाला, "गो जानकी, देवान माझ्या जावयाचा ऐकला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं. ठरवून बोलायचे शब्द हरवतात, पण जे लहानपणापासून जिभेवर रुजलेलं असतं ते कधीकधी शाबूत राहतं. घरी येऊन मी तो एक्क्याऐंशी सालचा कागद उघडला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. कौस्तुभ, तुझ्या मशिनी गाऱ्हाणं घालतात रे. एक तुकडा बोलायचा, थांबायचं, पलीकडून पोच आली की पुढचा. मराठीत पोच म्हणजे पावतीही आणि अक्कलही, हे किती बरं आहे. आम्ही तसंच सुरू केलं. मी एक लहान वाक्य बोलते, थांबते. पटलं तर भाई 'व्हय' म्हणतो, नाही पटलं तर गप्प. 'नाय' हा शब्द त्याला अजून सापडलेला नाही, त्यामुळे सध्या या घरात माझा विरोधक कुणी नाही आणि मला करमत नाही.

आता तुझ्या नियमाकडे येते. तू अर्धाच सांगितलास. मी तो कागद आणि त्याच्या पुढचेही वाचले, भिंगाने, शब्दकोश मांडीवर घेऊन. पोच आली नाही तर पलीकडचा रागावला, असं त्यांत कुठेही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते असं, की थोडं थांब आणि तेच पुन्हा पाठव. तरी नाही आली तर आधीपेक्षा जास्त थांब आणि पुन्हा पाठव. शेवटी कंटाळायचीही सोय आहे, मी लपवत नाही, पण ती फार पुढे आहे. आणि एक वाक्य असं की मी ते सारिकाला मोठ्या अक्षरांत छापायला सांगितलं: आपण पाठवताना काटेकोर असावं, दुसऱ्याकडून घेताना मात्र उदार असावं. म्हणजे त्याने 'होडी' पाठवली तर तू ती चहा म्हणून उतरवून घ्यायची.

तर फोन कर. संध्याकाळी, तो ओटीवर असतो तेव्हा. कसा आहात, जेवलात का, औषध घेतलं का, असा भडिमार एका दमात करू नकोस. एकच गोष्ट सांग आणि थांब. सभ्य माणूस थांबतो त्याच्याहून जास्त थांब. भरती किती येते सांग. खिडकीतून काय दिसतं सांग. दर वाक्याला थांब.

हे सगळं मला तुला सांगायचं नव्हतं. म्हणजे भाईने सांगू दिलं नव्हतं. म्हणून आज सकाळी हे पत्र मी त्याला वाचून दाखवलं, एकेक वाक्य, थांबत थांबत. राजशिष्टाचाराला तो हसला. वाटी सुटली त्या वाक्याला मी इतकी थांबले की खाडीतली होडी पार पलीकडे लागली. मग व्हय आलं. 'कौ'लाही आलं, मान खाली घालून. तो आडवा पंजा या वेळी उठला नाही. सगळं संपल्यावर तळाशी मी, तुला अवघड वाटू नये म्हणून, लिहिलं होतं की रजा मिळाली तर गणपतीला ये, पण नाही जमलं तरी चालेल, भाई समजून घेईल. तिथे थांबले. काहीच आलं नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा वाचलं आणि आणखी थांबले. भाईने चष्मा काढला, पत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डॉक्टरीणबाईंना एवढ्या महिन्यांत काढता आला नव्हता तो शब्द स्वच्छ उच्चारला. "नाय." ती ओळ मी खोडली आहे.

तुझीच,
जानकी आत्या