विरजण लागलं नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी
वही, माफ कर. हिचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तुला हात लावायचं राहूनच गेलं. आता टाक्यांतून पाणी येतंय, अंगात ताप. जंतू दवाखान्यातच शिरला असणार म्हणतात. मग द्या ना भारी इंजेक्शन! तर नाही. डॉक्टर म्हणाले, "आधी जखमेचं पाणी तपासू. कोणत्या औषधानं मरतो ते कळू दे." हर्षाली सिस्टरनं सांगितलं, बशीत जंतू वाढवून बघतात. ही हसली — "म्हणजे माझ्या पायाचं विरजण लावणार म्हणा की!"

मला हसू येईना. निफाडला ताप आला की कंपाउंडर एक सुई टोचायचा, दुसऱ्या दिवशी माणूस द्राक्षबागेत!

माझ्या दाढेच्या कॅप्सूल घरी उरल्या होत्या. संध्याकाळी चहाबरोबर हिला दिल्या.
"कुणी सांगितल्या?"
"डॉक्टरांनीच."

मंगळवार, ४ फेब्रुवारी
सकाळी नमुना नेला. ताप उतरलाय! आणखी दोन दिल्या.

हिची पट्टी सरळ करायला गेलो तर सिस्टर ओरडली, "बाबा, हात धुतले का?" ही म्हणते, "अहो, देठाला धरा!" बागेत हेच ओरडायची. घडाला बोट लागलं की मण्यावरची भुकटी पुसते, माल शिळा दिसतो. कात्री घेऊन वेलाखाली उभी असायची, नाकाला घाम. अख्ख्या बागेत तिचाच आवाज.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
बशीत काहीच उगवलं नाही. ही म्हणाली, "विरजण लागलंच नाही!"

डॉक्टरांनी विचारलं, "घरचं काही औषध दिलंत का?" मी चहाचा थर्मास आवरायला घेतला. ही म्हणाली, "तुम्हीच सांगितलेल्या ना त्या गोळ्या?"

डॉक्टर रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. "अर्धवट औषधानं जंतू मरत नाही, बाबा. दबून बसतो. आता गोळ्या बंद. पुन्हा नमुना घ्यावा लागेल."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच — "दाढेच्या गोळ्या खुब्याला?"

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
ताप पुन्हा चढला. नमुना नेलाय. उज्वला म्हणाली, "आबा, तुम्ही घरीच थांबा." पोटची पोर, पण नजर परक्यासारखी.

अशाच थंडीत आम्ही बागेत धूर करायचो, गारठ्यानं पाला जळू नये म्हणून. ही रुसलेली असली तरी निम्मी घोंगडी माझ्या अंगावर टाकायची. तोंड मात्र तिकडं!

रविवार, ९ फेब्रुवारी
पहाटे हिला आयसीयूत नेलं. रिपोर्ट उद्या. तोवर डॉक्टरांनाही अंदाजानंच औषध द्यावं लागतंय — माझ्यामुळे.

दारावरच्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव?" लग्न झाल्यापासून कधी नाव घेतलं नाही. मोठ्यानं म्हणालो — लंकाबाई! आत ऐकू गेलं असेल का?

लंका, सिस्टरजवळ निरोप धाड. रागाचा असला तरी चालेल. लवकर धाड.