बेहड्याखालची रिकामी जागा

मोहर्ली, २ फेब्रुवारी २०२६

ती. पत्रूमामास,
दिव्यानीचा सा. न. वि. वि.

तुमच्या जिवतीच्या पहाडावर फोन लागत नाई, म्हून लिवून राह्यली. शाळा आठवीतच सुटली, चुका पोटात घालजा.

इथी रिसॉर्टात मी झाडू मारते. साहेबानं बेहड्याच्या झाडाखालची सावलीतली जागा माह्या हवाली केली. म्हणे, पाडव्यापर्यंत तिथी जंगली फुलं दिसली तर तुले माळीण करतो, नाई तर घरी जाय. घरी बाबा सोयरीक पाहूनच बसले हायेत.

तुमी देल्लेले भुईचाफ्याचे गड्डे पावसाळ्यात लावले. पानं मस्त आली होती. आता सारी सुकून गेली. साहेब रोज इचारते, फुलं कुठी हायेत? मी खाली पायते. त्याले वाटते, फुलं माह्या चपलीखाली हायेत.

गड्डे मेले का? पाणी देऊ का?

तुमची भाची,
दिव्यानी

जिवती, ११ फेब्रुवारी

चि. दिव्यानीस,
मामाचे अ. आ.

मेले नाई, झोपले हायेत. पाणी देशीन तर सडतीन. उकरूनही पाहू नको. लहानपणी शेंगा लागल्या का म्हून तू भुईमूग रोज उपटत होती, माह्या ध्यानात हाय.

भुईचाफ्याले फूल आधी, पान मागून. उन्हाळा लागला का उघड्या मातीतूनच फूल निंगते. हे साहेबाले सांग. देवानं तोंड काही जेवासाठीच देल्लं नाई. तुही मामी म्हणते, पोरगी अन् गड्डा एकाच जातीचे, दोघंही मातीत तोंड घालून बसते.

तुह्या बाबाले मी पाडव्यापर्यंत थांबवतो. पुढचं तू बोलशीन तसं.

आशीर्वाद सरत नाईत, लागन तेवढे घे.
पत्रूमामा

मोहर्ली, २० मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

साहेबाले सांगाले तीनदा गेली, तीनदा चहाचे कप उचलून परत आली. मंग त्यानं नागपुरावून प्लास्टिकची फुलं आणून बेहड्याखाली खोचली. वरून पाटी लावली, जंगली फुलं, हात लावू नये. पाव्हणे फोटो काढाले लागले.

पाडव्याच्या चार दिवस आधी भुईचाफा निंगाला. पांढरा-जांभळा, जमिनीले टेकून. वास असा, का पाव्हण्या बाया प्लास्टिकच्या फुलाले नाक लावून वाहवा करत. साहेबानं खाली पायलं अन् सगळ्याईसमोर माह्यावर खेकसला, का हा पडलेला कचरा झाडला काऊन नाई? झाडू हातातच होता. मामा, कसं काय माहीत, पण मी बोलली. म्हटलं, हे पडले नाई, निंगाले हायेत, उचलून पाहा. तो वाकला. फूल काही उचललं जाईना. बाया हासल्या.

झाडू सुटला, मी माळीण झाली. साहेब पाव्हण्याईले सांगते, हे आपण स्वतः लावले. सांगू द्या. बाबाले तेवढं सांगजा, सोयरीक पाहणं आता राहू द्या म्हणा.

माळणीचं पयलं काम सांगते. प्लास्टिकची फुलं रोज सकाळी साबणानं धुवाची. साहेब म्हणते, फोटोत तेच चांगले दिसते.

माया हाय तशीच सावलीत ठेवजा.
दिव्यानी