हळू लावलेली पिन

ती. आत्यास,

दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना मधल्या पायरीवर अजून बसतेस का? आणि काका अजून टीव्ही बघतो म्हणून झोपतात का?) कॉलेज सोडून तुझ्याकडून निघताना मी दार आपटलं, त्याची कडी निखळून पडली, हे आईकडून कळलं. त्याबद्दल पुढे लिहितोच. पण आधीच सांगून ठेवतो, हे पत्र काही मागण्यासाठी नाही.

माझं आयुष्य बदललं ते एका मंगळवारी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, कम्प्युटरच्या निळ्या खाचेत डिस्कच्या वायरची पिन बसवताना. मी सध्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आहे, हे तुला माहीत आहेच. (मालक भला माणूस आहे. मी आल्यापासून तीन माउस बदलावे लागले, तरी मला अजून ठेवलंय.) आमच्याकडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक मुलगी डिस्क घेऊन यायची. ती घरट्यांपुढे कॅमेरा लावून पक्ष्यांचं चित्रण करते, आणि त्या चित्रणाची दुसरी प्रत आमच्याकडून काढून घ्यायची. दुकानात तिला सगळे पक्षीवाली म्हणतात, म्हणून मीही इथे तेच लिहितो. जुन्या कम्प्युटरवर एका कॉपीला पावणेतीन तास लागायचे. तेवढा वेळ ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची आणि अंडी उबवायला नर बसतो की मादी, हे मला समजावून सांगायची. आत्या, कॉलेजात मी एकाही तासाला इतका वेळ बसलो नव्हतो.

मग मालकांनी नवा कम्प्युटर आणला. त्याला निळी खाच, सोबत निळ्या तोंडाची वायर, आणि तेच काम पंधरा मिनिटांत. मालकांनी तशी पाटीसुद्धा लावली. म्हणजे ती आता स्टुलावर पंधराच मिनिटं बसणार. त्या मंगळवारी ती आली, नव्या यंत्राकडे बघायला वाकली, आणि तिच्यासमोर काही मोडायला नको म्हणून पिन मी अगदी हळू, जपून बसवली. (जन्मात पहिल्यांदा. डब्याचं झाकण मी कसं उघडतो ते तू पाहिलंयस.) आणि नव्या यंत्राने सांगितलं, पावणेतीन तास!

ती गेल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या डिस्कसाठी मी तीच पिन नेहमीसारखी खाडकन बसवली, तर सगळं पंधरा मिनिटांत. आठवडाभर हेच करून पाहिलं तेव्हा मर्म कळलं. त्या पिनेत पत्र्याच्या दोन ओळी असतात, एक जुन्या चालीची आणि एक नव्या. झटक्यात लावली तर दोन्ही एकदम टेकतात. हळू लावली तर आधी जुनी ओळ टेकते, यंत्राला वाटतं पाहुणा जुन्या वळणाचा आहे, आणि मग ते त्याच्याशी जुन्याच चालीने बोलत बसतं. झालं, पुढचे दोन महिने मंगळवार-शुक्रवार मी पिन अशी लावायचो, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालतोय. बाकी गिऱ्हाइकांची खाडकन. मालक बिचारे यंत्र विकणाऱ्याशी दोनदा भांडले. त्याचा माणूस येऊन बघून गेला, त्याने लावली की पंधरा मिनिटं. मालकांनी शेवटी पाटीवरचे आकडे पुसून 'नशिबावर' असं लिहिलं.

गेल्या शुक्रवारी ती धावतपळत आली तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. दुसऱ्या गावच्या एका संस्थेचा माणूस एकच्या गाडीने परत निघणार होता, त्याआधी त्याच्या हातात चित्रणाची प्रत द्यायची होती, आवडलं तर त्या गावी नोकरी, नाहीतर संपलं. मी ऐकलं, आणि हाताने सवयीप्रमाणे पिन हळूच लावली. पडद्यावर पावणेतीन तास. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. आत्या, खरं सांगतो, क्षणभर मनात आलं की राहू दे, गाव सोडून जायची नाही. मग माझाच मला असा राग आला की मी मालकांसमोर मोठ्याने सांगून टाकलं, पिन मी मुद्दाम हळू लावतो, दोन महिने लावतोय, पहिल्या दिवसाचं तेवढं चुकून. मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती मात्र हसली.

"दोन वर्षं घरट्यांपुढे बसले आहे मी," ती म्हणाली. "तुझा हात माझ्याच डिस्कला कसा हळू होतो, ते दुसऱ्याच खेपेला दिसलं होतं. आज जरा नेहमीसारखा चिडून लाव."

लावली. पंधरा मिनिटांत ती गेली. इतक्या वेगाने मी स्वतःचं नुकसान याआधी फक्त कॉलेज सोडताना करून घेतलं होतं.

काकांना नमस्कार. तुझा,
भाचा

ता. क. कडी मी स्वतः येऊन बसवून देईन. मोजमाप पाठव.

ता. क. २. कॉलेजात पुन्हा नाव घालायचं तर महिनाअखेरीपर्यंत अर्ज घेतात, म्हणे. त्यावर पालकाची सही लागते. बाबांकडे गेलो तर ते आधी हसतील आणि मग सही करणार नाहीत, म्हणून तू. मागची खोली रिकामी आहे ना?

ता. क. ३. पक्षीवालीला ती नोकरी मिळाली. संस्था तुझ्याच गावात आहे, तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. आता तू गालातल्या गालात हसशील, हस. पण वरची सही त्यासाठीच नाही, थोडी शिकण्यासाठीही आहे. काल निरोप घ्यायला आली तेव्हा तिने आपली जुनी, काळ्या तोंडाची वायर माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, येताना घेऊन ये, ही कशीही लावली तरी पावणेतीन तासच घेते.

ता. क. ४. नोकरी सोडतोय हे मालकांना सांगून झालंय. त्यांनी पाटीवर पुन्हा 'पंधरा मिनिटं' लिहिलं आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही. पत्र पेटीत टाकायला निघतोय. दुकानाचं दार आज हळूच लावून घेतो. कडीचा आवाजसुद्धा होऊ देणार नाही.