तेजूच्या बाळंतपणाची गार खोली

२ मार्च
ठरलं! तेजश्रीचं पहिलं बाळंतपण आपल्याच घरी, नांदूरघाटला. जावईबापू फोनवर म्हणाले, मामा, तुमच्याकडं पत्र्याखाली लई तापतं, पुण्यालाच करू. मला पत्रा दाखवतो! बायको उज्ज्वला म्हणाली, कूलर आणा, मिटलं. बायकांना व्हिजन नसते. मी कालच व्हिडिओ पाहिलाय. हेम्पक्रीट. भांगेच्या काड्यांचा भुसा आणि चुना कालवून भिंत. वजनाला हलकी, उन्हाळ्यात गार, आग धरत नाही, वर श्वास घेते. लेकीसाठी अशी खोली बांधणार. उद्यापासून पहाटे चालायलाही जायचं.

५ मार्च
चालणं झालं नाही. पोलीस पाटील मोहनराव येऊन गेले. परमेश्वर, म्हणजे मी, भांग लावतोय असं त्यांच्या कानावर आलं म्हणे. मी टेक्निकल बाजू समजावली. चहा पिऊन म्हणाले, जेलमधी बी गारच असतंय.
भांग कॅन्सल. अंबाडी! बांधावर उभीच आहे. सोलून दोर वळले की काड्या चुलीतच जातात. दिसायला तर सारख्याच. हा शोध माझा. पेटंटचं बघायचं.

१२ मार्च
कडबाकुट्टीतून काड्या बारीक करून काढल्या. मेहुणा अंगद मदतीला. फळ्या लावून थर ठोकले. चुन्यानं हात सोलले. एक अख्खी भिंत उभी! आपल्याला जमत नाही असं काही नाही.

१७ मार्च
व्हिडिओचा उरलेला भाग पाहिला. तो गोरा म्हणतो, ही भिंत फक्त स्वतःचं वजन पेलते, छपराला लाकडाचा सांगाडा पाहिजेच. दोन महिने वाळू द्या. सिमेंट लावू नका. जमिनीच्या ओलीपासून वर ठेवा. एवढी भित्री माणसं, आणि यांनी आपल्यावर राज्य केलं!
अंगदही म्हणाला, दाजी, खांब घ्या. खांब घेतले तर बाज कुठं टाकू? दीड फूट जाड भिंत आहे. वजन पेलणार नाही तर जाड कावून केली?

२९ मार्च
छप्पर पत्र्याचं नाही. आबांनी (वय ७८, हट्ट १८) माळवदच करायला लावलं. भिंतीवर तुळया, त्यावर फांट्या, लिंबाचा पाला, वर हातभर पांढरी माती. बाप लेकाच्या छपरावर उभा राहून माती चोपतो आहे, काय सुख!
संध्याकाळी दार लागेना. भिंत थोडी बसली असेल. बरंच झालं, हवा खेळती राहील.

८ एप्रिल
बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. गुलाबी रंग. लोक विचारतात, आरसीसी का? मी नुसता हसतो.

२० एप्रिल
आत ओल. खालच्या अंगाला बुरशी. कुबट वास येतो. उज्ज्वलानं नाक धरलं. मी सांगितलं, भिंत श्वास घेते. ती म्हणाली, मग तोंड धुवायला सांगा तिला.
पण दुपारी बाहेर त्रेचाळीस आणि आत गारवा. आबा घोरत होते. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

१ मे
तेजू आली. खोली आवडली. फक्त म्हणाली, पप्पा, भिंतीतून करकर आवाज येतो. मी म्हणालो, लाकूड आहे, बोलणारच.
ती झोपल्यावर भिंतीला कान लावला. आत कुणीतरी कोरडी भाकर चावत बसल्यासारखं वाटलं. उद्या नीट बघायचं.

४ मे
बघणं झालं नाही. केजला लग्न होतं.

१२ मे
पश्चिमेच्या भिंतीला भेग. बोट जातं. वर गणपतीचं कॅलेंडर लावलं. खोलीला शोभा आली.

१९ मे
नात झाली! दोघी सुखरूप. नाक माझ्यावर गेलंय.

२४ मे
पाळण्यावरून कडाक्याचं भांडण. मी म्हणालो, माझ्या तुळईला टांगा. उज्ज्वला म्हणे, न्हाई. आमच्यात लेकीच्या लेकीला लेकीच्याच पाळण्याचे खांब. तेजूचा पाळणा गोठ्यातल्या ज्या दोन सागवानी खांबांना होता, तेच पाहिजेत. शेवटी अंगदनं ते खांब उपटून आणले, खोलीच्या मधोमध पुरले, वर आडवं लाकूड ठोकलं, तुळयांना घासून. काय ती कळा! अडाणीपणाचा कळस. बारसं होईपर्यंत उज्ज्वलाशी बोलायचं नाही.

२८ मे
अवकाळी. सकाळपासून धो धो. माळवद गळतंय. आबा म्हणाले, अजून माती टाका, दरसाली टाकतोच की. दहा-बारा घमेली टाकली. अंगद नको म्हणत होता. तेजूही घाबरली होती. मी विचारलं, तुझा बापावर विश्वास हाय का न्हाई? म्हणाली, हाय. बाळाला घेऊन आतच राहिली.
कॅलेंडर खाली पडलंय. भेगेत आता मूठ जाते.

२९ मे
दुपारी पश्चिमेची भिंत गेली. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. भिजलेल्या भुशासारखी बाहेर ओघळली. गुलाबी गिलाव्याचा पापुद्रा तेवढा वेगळा पडला. छप्पर त्या बाजूनं वीतभर खाली आलं आणि मधे पाळण्याच्या लाकडावर अडकलं. खाली पाळणा. पाळण्यात बाळ. बाजेवर तेजू.
मी दारात नुसता उभा. अंगद वाकून आत शिरला, आधी बाळ आणलं, मग तेजूला. बाळाच्या अंगावर माती होती. ते रडलं तेव्हा मी खाली बसलो. आयुष्यात एवढा कधी भ्यालो नव्हतो.

३० मे
पाऊस उघडला. घरचा पत्रा तापलाय. दोघी त्याच्याखालीच आहेत. बाळाच्या अंगावर घामोळं उठलंय.
उज्ज्वलानं अंगदला केजहून कूलर आणायला पाठवलं. मला विचारलं नाही.
जावयांचा फोन आला, मामा, सगळं ठीक? मी फोन तेजूकडं दिला. ती त्यांना म्हणाली, सगळं ठीक. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, पप्पा, पण गार होती हां खोली.