सुकट सोडल्याची हकीकत

कासू, रविवार

तीर्थस्वरूप आक्कास गोरखचा दंडवत. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? आम्ही इथे खुशाल, म्हणजे आवडी खुशाल नि मी उपाशी. (दोन वेळा जेवतो, पण त्याला जेवण म्हणत नाहीत.)

नातीच्या शाळेतल्या बाई इंग्रजीत बोलल्या नि आम्ही दोघं खांबासारखी उभी राहिलो, तेव्हापासून आम्ही पेणला इंग्रजीच्या क्लासला जातो, हे गावाने तुला कळवलं असेलच. हसणाऱ्यांनी हसावं. क्लास भरतो गणपतीच्या कारखान्याच्या माळ्यावर; अर्ध्या माळ्यात आम्ही, अर्ध्यात मूर्ती. मागल्या आठवड्यात रितेश सरांनी 'गिव्ह अप' शिकवलं. वाईट सवय सोडली तरी गिव्ह अप, कुस्तीत हार मानली तरी गिव्ह अप, गाडीत म्हातारीला जागा दिली तरी गिव्ह अपच! (साहेबाकडे क्रियापदांचा दुष्काळ असावा.) मग प्रत्येकाने एक वाक्य करायचं. बाकीचे विडी-तंबाखू सोडून मोकळे झाले. मला कसलंच व्यसन नाही, तेव्हा जे आवडतं तेच तोंडात आलं नि मी ठणकावून म्हणालो, आय गिव्ह अप सुकट. सरांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून आमच्या घरात सुकट शिजलेली नाही. आवडी म्हणते, देवासमोर चार माणसांत सोडली ती सोडली. मी म्हटलं, अगो, तो अभ्यास होता, आणि त्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणीसुद्धा झाली नव्हती, पाहिलं कोणी? तर म्हणते, "कान व्हते ना! तेपन सुपाएवढे." सरांना मध्यस्थीला घातलं, तर ते म्हणाले, वाक्य अगदी बरोबर आहे.

पण मी ऐकणारा नाही. क्लास सोडणार नाही आणि सुकट तर मुळीच नाही. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन, मराठीत.

तुझा हट्टी भाऊ,
गोरख

ता. क. दाजी इकडे येतील तेव्हा त्यांच्या हाती डबाभर सुकट पाठव. आवडीला कळू देऊ नको.

पुन्हा ता. क. डबा नको. मी सोडली म्हणून तीही शिवत नाही, आणि सुकटीवर तिचा जीव माझ्याहून जास्त. काल शेजारी ठमाबाईकडे सुकटीचं कालवण शिजत होतं, तर ही दारात नुसती उभी राहिली. मला बघवलं नाही, आक्का. तू आम्हां दोघांना तुमच्या अष्टमी गावी जेवायला बोलाव आणि सुकट पहिली तिच्या ताटात वाढ. नणंदेने वाढलेलं ती टाकणार नाही. मी आपला वरणभात खाईन, तक्रार करणार नाही.